पासिंग, एक्सल आणि उतार : गाडीवर किती वजन घालायचे ते असे ठरवा

चिरे, म्हणजे जांभा दगडाचे ठोकळे, भरलेला छोटा टेम्पो पहिल्या गिअरमध्ये चढ चढून गेला की मालक म्हणतो, गाडीने वजन पेलले. खरे तर तेवढ्याने फक्त इंजिन आणि क्लच यांची परीक्षा झालेली असते. ते वजन उतारावर थांबवायचे आहे, वळणावर सावरायचे आहे, पावसाने गुळगुळीत झालेल्या रस्त्यावर चार टायरांच्या तळव्याएवढ्या जागेवर धरून ठेवायचे आहे. ही कामे इंजिनाची नाहीत. ती ब्रेक, टायर, पाटे (एक्सलवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा), एक्सल आणि बेअरिंग यांची आहेत, आणि त्यातला सगळ्यात कमकुवत भाग जिथे हात टेकतो तिथे गाडीची मर्यादा संपते. ओढण्याच्या ताकदीवरून वजन ठरवण्याची सवय मोडायची असेल तर कागद, काटा आणि थोडे गणित यांची गरज लागते.

आधी कागद वाचा

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, दोन वजने असतात. पहिले रिकामे वजन. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या व्याख्येनुसार त्यात गाडीबरोबर नेहमी वापरायचे साहित्य येते, पण ड्रायव्हर आणि मदतनीस येत नाहीत. दुसरे एकूण वजन, म्हणजे गाडी, माणसे, इंधन आणि माल धरून गाडीला मंजूर असलेला कमाल आकडा. टेम्पोवाले ज्याला 'पासिंग' म्हणतात ते हेच. खाजगी कारच्या आरसीवर हा दुसरा आकडा कधी कधी कोरा असतो. मग तो मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवर ठोकलेल्या प्लेटवर शोधावा. ही प्लेट बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत, सीटखाली किंवा बॉनेटच्या आत असते.

मॅन्युअलमधून आणखी तीन आकडे वहीत उतरवून घ्या: पुढच्या एक्सलची कमाल मर्यादा, मागच्या एक्सलची कमाल मर्यादा आणि छपराची मर्यादा. ट्रेलर ओढायचा विचार असेल तर चौथा, ट्रेलरची मर्यादा. आपल्याकडच्या पुष्कळ कारच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढू नये असे स्पष्ट लिहिलेले असते. तसे असेल तर बाजारातून आणलेला हूक कितीही जाड लोखंडाचा असला तरी त्या गाडीची ओढण्याची मर्यादा शून्यच.

एकूण वजन मर्यादेत आहे पण मागचा एक्सल मर्यादेबाहेर गेला आहे, ही स्थिती सर्रास आढळते. म्हणून आकडे वेगवेगळे तपासायचे, एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

उरते किती ते काढा

एकूण वजनातून रिकामे वजन वजा केले की जे उरते त्यात ड्रायव्हरसकट सगळी माणसे आणि सगळा माल बसवायचा. एखाद्या छोट्या कारचे एकूण वजन १,३३५ किलो आणि रिकामे ८८० किलो धरा. उरले ४५५. चवथीला (गणेशचतुर्थीला) पणजीहून पेडण्याच्या किंवा काणकोणच्या मूळ घरी पाच मोठी माणसे निघाली, सरासरी ७० किलो धरली, तर ३५० किलो तिथेच गेले. राहिले १०५. त्यात कपड्यांच्या बॅगा, माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचे) सामान, तांदळाचे पोते, नारळ, फटाके, येताना भरून दिलेले फणसाचे साठ आणि पोह्यांचे डबे. पाच बॅगा प्रत्येकी १२ किलोच्या धरल्या तर साठ किलो झाले, म्हणजे बाकी सगळ्यासाठी ४५. शिवाय गाडीला मागाहून सीएनजीची टाकी बसवली असेल तर टाकी आणि तिचे सामान मिळून साठ-सत्तर किलो सहज खाल्ले जातात. पुढचा लोखंडी गार्ड, छपराचा कॅरिअर, मोठे स्पीकर हेही याच हिशेबातून जातात. आरसीवरचे रिकामे वजन मात्र जुनेच राहते, आणि इथेच फसगत होते.

आता मालाची छोटी गाडी घ्या. एकूण १,५५० किलो, रिकामी ८४० किलो. उरले ७१०. ड्रायव्हर आणि मदतनीस मिळून १४० किलो काढले तर माल ५७० किलो. हा आकडा चिऱ्यांच्या भाषेत पाहू. ३९ सेंटिमीटर लांब, १९ रुंद आणि १९ उंच चिऱ्याचे घनफळ ०.०१४१ घनमीटर भरते. जांभा दगड घनमीटरला साधारण दोन टन धरला तर एक चिरा २८ किलोंचा. म्हणजे या गाडीत २० चिरे बसतात, एवढेच. चिरा सच्छिद्र असतो. भिजल्यावर तो पाणी पितो आणि दहा टक्के जड झाला तर मर्यादा १८ चिऱ्यांवर येते. याच हौद्यात ४० चिरे जागेच्या दृष्टीने आरामात मावतात. तेव्हा वजन १,१२० किलो, मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट झालेले असते. हौद्यात जागा शिल्लक दिसणे हा वजनाचा पुरावा होऊ शकत नाही. चिरेखणीगणिक मापे बदलतात, त्यामुळे आपल्या चिऱ्याची लांबी, रुंदी, उंची टेपने मोजून हाच गुणाकार करावा.

नेहमीच्या मालाची वजने अशी धरावीत. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे हजार लिटरची टाकी एक टन. डिझेल लिटरला साधारण ८३० ग्रॅम, पेट्रोल ७४० ग्रॅम. सिमेंटची गोणी ५० किलो. घरगुती गॅसचा सिलिंडर १४.२ किलो गॅस आणि तेवढेच किंवा थोडे जास्त लोखंड, भरलेला जवळजवळ ३० किलो. सुकी रेती घनमीटरला १,६०० किलो, ओली १,८०० च्या पुढे. ब्रासमध्ये हिशेब करत असाल तर एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, म्हणजे सुकी रेती साडेचार टन आणि ओली पाच टनांच्या वर. लोहखनिज घनमीटरला दोन-अडीच टनांच्या घरात जाते. म्हणून खनिजाचा टिपर अर्धा रिकामा दिसतो तेव्हाच तो पूर्ण भरलेला असतो. सळयांसाठी सोपे सूत्र आहे: व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा आणि १६२ ने भागा, मीटरला किती किलो ते मिळते. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो, १२ मीटर लांबीची एक सळई साडेदहा किलोंहून थोडी जास्त, अशा पन्नास म्हणजे ५३३ किलो.

उन्हाळ्यात गावोगाव फिरणाऱ्या पाण्याच्या टँकरबद्दल एक वेगळी गोष्ट. अर्धा भरलेला टँकर वजनाने हलका, पण वळणावर आणि ब्रेक मारताना जास्त धोक्याचा असतो, कारण पाणी टाकीत उसळून सगळे वजन एका बाजूला नेऊन आदळते. आत आडवे पडदे नसलेली टाकी टेम्पोवर बसवली असेल तर ती पूर्ण भरूनच न्यावी, किंवा पूर्ण रिकामी. आणि पूर्ण भरलेली मर्यादेत बसत नसेल तर ती टाकी त्या गाडीसाठी मोठी आहे.

काट्यावर कसे तोलावे

अंदाज चुकतो, काटा चुकत नाही. वेर्णा, कुंडई, बेतोडा अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपास खाजगी वजनकाटे असतात. गाडी घेतल्यावर एकदा रिकामी आणि नेहमीच्या मालाने भरलेली एकदा, अशा दोन्ही पावत्या करून घ्याव्यात. रिकाम्या गाडीची टाकी इंधनाने पूर्ण भरलेली असू द्या आणि जॅक, स्टेपनी, ताडपत्री, दोरखंड ही नेहमीची अवजारे आत ठेवा.

भरलेल्या गाडीची तीन वजने घ्या. आधी सगळी गाडी प्लॅटफॉर्मवर. मग फक्त पुढची चाके प्लॅटफॉर्मवर राहतील इतकी ती पुढे न्या. शेवटी पुढची चाके उतरवून फक्त मागची ठेवा. प्रत्येक वेळी इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हातब्रेक सोडलेला. ब्रेक ओढलेला असला तर चाके आणि पाटे ताणात राहतात आणि आकडा हलतो. काट्याच्या पुढची-मागची जागा प्लॅटफॉर्मच्या समपातळीत हवी, उतार असेल तर एक्सलचे वजन खोटे येते. दोन्ही एक्सलची बेरीज एकूण वजनाशी जवळपास जुळली पाहिजे. मोठा फरक आला तर पुन्हा तोला. माणसे प्रवासात जिथे बसणार तिथेच बसलेली असावीत.

मोठे काटे ५ किंवा १० किलोंच्या पायरीने वाचतात. टेम्पोला ते पुरते. ट्रेलरच्या हुकावरचा भार मोजायला मात्र हे काटे पुरेसे बारीक नसतात. त्याची रीत पुढे येते.

माल कुठे ठेवला यावर निम्मे अवलंबून

हौद्यातला जड माल केबिनला टेकवून, तळाला आणि मध्यरेषेवर ठेवावा, हलका वर आणि मागे. कारण उघड आहे: मागच्या एक्सलच्या पलीकडे टाकलेले वजन तरफेसारखे काम करते. दोन चाकांच्या जोड्यांमधले अंतर अडीच मीटर आहे आणि मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे १०० किलो टांगले आहेत असे धरा. मागच्या एक्सलवर १०० नाही, १४० किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरचे ४० किलो कमी होतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग बोटाने फिरू लागते आणि ओल्या रस्त्यावर गाडी वळण सोडून सरळ जाते. पुढच्या ब्रेकलाही पकड मिळत नाही. रात्री समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तुमचे दिवे जातात. स्टिअरिंग अचानक हलके लागले तर वजन मागे आहे असे समजून गाडी बाजूला घ्या.

छपरावरचा माल वेगळा विषय आहे. छोट्या कारच्या छपराची मर्यादा बहुधा ५० ते ७५ किलोंच्या आसपास असते आणि त्यात कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरलेले असते. छपरावरचे ६० किलो डिकीतल्या ६० किलोंपेक्षा गाडीला कितीतरी जास्त कलवतात. ज्या वळणावर नेहमी ५० च्या वेगाने जाता तिथे ३५ वर यावे लागते. मॅट्रेस किंवा प्लायवूड छपरावर बांधले असेल तर झुआरी पुलासारख्या उघड्या जागी समुद्रावरचा वारा त्याखाली शिरून ते उचलतो. त्यामुळे नुसते बाजूने आवळू नका, पुढच्या आणि मागच्या टोकालाही बांधा.

बांधण्याचा हिशेब असा: माल पुढे सरकू नये म्हणून त्याच्या वजनाच्या ०.८ पट, बाजूला आणि मागे सरकू नये म्हणून ०.५ पट ताकद रोखता आली पाहिजे. युरोपातल्या मालबांधणीच्या मानकात हेच आकडे आहेत आणि ते आपल्याही रस्त्यांना लागू पडतात, कारण जोराचा ब्रेक सगळीकडे सारखाच. रॅचेट पट्ट्यावरच्या लेबलवर त्याची ताकद छापलेली असते. लेबल गेलेला, कडा उसवलेला किंवा उन्हाने पांढरा पडलेला पट्टा फेकून द्या. पट्टा आडवा झुकून ३० अंशांच्या कोनात बसला तर त्याच्या ताणाचा निम्माच भाग मालाला खाली दाबतो. उभ्या कोनात ओढला तर जवळजवळ सगळा. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळायचे, कारण गोण्या आणि खोकी तोवर दबलेली असतात.

टायरवर लिहिलेले वाचा

टायरच्या बाजूवर मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर असते, उदाहरणार्थ ८२ टी. आकडा वजनाचा, अक्षर वेगाचे. ७५ म्हणजे एका टायरला ३८७ किलो, ८२ म्हणजे ४७५, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५, १०० म्हणजे ८००. मालाच्या गाडीच्या टायरवर १०६/१०४ असे दोन आकडे असतात. पहिला एकेरी चाकासाठी, ९५० किलो. दुसरा जोडचाकासाठी, ९०० किलो. जोडीत दोन्ही टायर नेहमी सारखे भार घेत नाहीत म्हणून दुसरा आकडा कमी. एक्सलवरच्या टायरांची बेरीज काट्याच्या पावतीवरच्या एक्सल वजनापेक्षा जास्त हवी. बरोबरीत असून भागत नाही. स्वस्त मिळाला म्हणून कमी आकड्याचा टायर टाकू नये. गाडी दिसायला तशीच राहते, मर्यादा मात्र खाली येते.

हे आकडे पुरेशी हवा असेल तरच खरे. दाराच्या चौकटीतल्या स्टिकरवर बहुधा दोन रांगा असतात, एक दोन-तीन माणसांसाठी, दुसरी पूर्ण भारासाठी. पुष्कळ गाड्यांत मागच्या चाकांचा दाब पूर्ण भाराला तीन-चार पीएसआय वाढवायचा असतो, आणि नेमके तेच राहून जाते. हवा थंड टायरमध्ये, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना मोजावी. धावून तापलेल्या टायरमधला दाब वाढलेला दिसतो. तो जास्त वाटून हवा सोडली तर तुम्ही कमी हवेवर पुढचा प्रवास करता. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, वाकल्याने आतून तापतो, आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि मे महिन्यातल्या दुपारी महामार्गावर तो फुटतो. लोक उन्हाला दोष देतात. दोष वजनाचा आणि हवेचा असतो.

पाटे वाढवल्याने पासिंग वाढत नाही

हा गैरसमज इतका मुरलेला आहे की त्यावर थांबायलाच हवे. मागे गाडी बसते म्हणून गॅरेजमध्ये दोन पाटे जास्त चढवले जातात, हौद्याला फळ्या लावून उंची वाढवली जाते. गाडी पुन्हा उभी दिसते आणि मालक निर्धास्त होतो. पण एक्सल तोच, हबचे बेअरिंग तेच, ड्रमचा व्यास तोच, टायर तेच, चासी तीच. पाट्यांनी फक्त बसण्याची खूण लपवली. आधी गाडी खाली बसून इशारा द्यायची, आता देत नाही. शिवाय कडक पाट्यांमुळे रिकाम्या गाडीची मागची चाके खड्ड्यावर उडतात आणि ब्रेक मारला की घसरतात. मोडते काय, तर पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ चासीला तडा जातो, यू-बोल्ट सैल होतात, एक्सलचा सांधा किंवा बेअरिंग जाते.

गोव्याच्या हवेत यात गंजाची भर पडते. किनाऱ्याजवळच्या आणि मासे-बर्फ वाहणाऱ्या गाड्यांना मीठ खाते. बर्फाचे खारे पाणी चासीच्या पोकळीत साचते. पाच वर्षे मासळी वाहिलेल्या गाडीची मर्यादा कागदावर जुनीच असली तरी लोखंड तेवढे राहिलेले नसते. दर पावसाळ्यापूर्वी गाडी जॅकवर घेऊन पाट्यांचे शॅकल, ब्रॅकेट, चासीचे जोड हातोडीने हलके वाजवून पाहा. घट्ट लोखंड खणखणते, पोखरलेले बद्द वाजते आणि पापुद्रे सुटतात.

ट्रेलर ओढायचा असेल तर

गोव्यात ट्रेलर म्हणजे बोटीचा, जनरेटरचा, बांधकामाच्या मिक्सरचा किंवा ट्रॅक्टरचा. कायद्याने ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी लागते.

वजनाचा पहिला नियम ब्रेकचा. युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरला ७५० किलो किंवा ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्मे, यांतले जे कमी ते, एवढीच मुभा आहे. घाटरस्त्यांच्या प्रदेशात हा नियम स्वतःहून पाळावा. ९०० किलोंची कार, ब्रेक नसलेला ट्रेलर, तर ट्रेलर मालासकट ४५० किलोंच्या वर नको, आणि मॅन्युअलने त्याहून कमी सांगितले असेल तर तेवढाच.

दुसरा नियम हुकावरच्या भाराचा. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण ७ ते १० टक्के भार हुकावर पडला पाहिजे. ४०० किलोंच्या ट्रेलरला २८ ते ४०. यापेक्षा कमी झाला, म्हणजे ट्रेलर मागे जड झाला, की तो साठच्या वेगाच्या पुढे शेपटी हलवू लागतो आणि हेलकावे वाढत जातात. जास्त झाला की वर सांगितलेल्या तरफेने गाडीची पुढची चाके हलकी होतात. मोजायला वजनाचा साधा घरगुती काटा, एक भक्कम फळी आणि एक पाइप पुरतो. सपाट जागी ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावा. फळीचे एक टोक पाइपवर, दुसरे काट्यावर ठेवा, दोन्हींमधले अंतर ९० सेंटिमीटर. ट्रेलरचा दांडा पाइपपासून ३० सेंटिमीटरवर फळीवर टेकवा, उंची नेहमीच्या हुकाएवढी ठेवा. काट्यावरचा आकडा तिपटीने वाढवला की हुकावरचा भार मिळतो. फळीचे स्वतःचे वजन आधी वाचून वजा करायला विसरू नका.

बोटीचे ट्रेलर सहज मागे जड होतात, कारण इंजिन बोटीच्या मागच्या टोकाला लटकते. बोट ट्रेलरवर पुढे सरकवा, किंवा एक्सल मागे घेता येत असेल तर घ्या. तळातली बुच काढून साचलेले पाणी आधी वाहू द्या, शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, तेही मागे धावणारे. समुद्राच्या पाण्यात बुडवलेली चाके दर वेळी गोड्या पाण्याने धुवावीत. पण बेअरिंग गरम असताना पाण्यात घालू नका. थंड पाणी लागताच आतली हवा आकसते आणि खारे पाणी ग्रीसमध्ये ओढले जाते. रॅम्पवर पोचल्यावर हब हाताला थंड लागेपर्यंत थांबा.

जोडताना गोळ्याचे आणि कपाचे माप एकच आहे का पाहा. ५० मिलिमीटरच्या कपात लहान गोळा बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यावर सुटतो. कुलूप लावल्यावर जॅकने दांडा वर उचला. गाडीचा मागचा भाग बरोबर उचलला गेला तर जोड पक्का. दोन सुरक्षा साखळ्या दांड्याखाली एकमेकींना ओलांडून लावा, म्हणजे हूक सुटला तरी दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडतो. ब्रेकचे, वळण्याचे आणि मागचे दिवे एकेक करून तपासा.

ट्रेलर डोलू लागला तर अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा. उलट बाजूला स्टिअरिंग मारू नका, वेग वाढवून सरळ करायचा प्रयत्न करू नका, जोरात ब्रेकही नको.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी दोन गोष्टी. रस्त्यावर येण्यापूर्वी डाव्या-उजव्या ब्रेकची पेडले एकमेकांना अडकवून टाका, नाहीतर एकच चाक थांबते आणि ट्रॅक्टर गर्रकन वळतो. आणि ट्रेलर किंवा अडकलेले लाकूड नेहमी खालच्या ड्रॉबारला जोडा. वरच्या लिंकला दोर बांधून जोर लावला की पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर चालकावर मागे उलटतो, आणि उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

बंद पडलेली गाडी ओढताना

गाडीला दिलेला स्क्रूचा टो-हूक थोड्या अंतरासाठी असतो. दोन गाड्यांमधले मोकळे अंतर पाच मीटरांपेक्षा जास्त नसावे, वेग २०-२५ च्या आत, मागच्या गाडीत परवाना असलेला माणूस स्टिअरिंगवर, चावी चालू, म्हणजे स्टिअरिंग लॉक होणार नाही. इंजिन बंद असलेल्या गाडीचे ब्रेक आणि स्टिअरिंग खूप जड लागतात, हे त्या माणसाला आधी सांगा. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाड्या चालकचाके जमिनीवर ठेवून ओढू नयेत. ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स तेलाविना जळतो, इलेक्ट्रिकची मोटर वीज तयार करू लागते. त्यांना सपाट ट्रकच मागवावा. वाळूत किंवा शेतात रुतलेली गाडी काढताना दोराच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नका.

पूल, फेरीबोट, बांध

लाल वर्तुळात टनांचा आकडा दिसला की तो गाडीच्या एकूण वजनाचा, आणि पाटीवर एक्सलची खूण असेल तर एका एक्सलवरच्या भाराचा. जुन्या झुआरी पुलावर अवजड वाहनांना अनेक वर्षे बंदी होती, ती याच हिशेबाने. चोडण-दिवाडीच्या फेरीवर कर्मचारी सांगेल त्या जागी गाडी लावा आणि भार विचारला तर खरा सांगा, कारण तो बोटीचा तोल तुमच्या आकड्यावर साधतो. खाजनाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या) बांधावरचा आणि कालव्याकाठचा रस्ता पावसाळ्यात आतून मऊ झालेला असतो. वर डांबर शाबूत दिसले तरी भरलेली गाडी कडेला घेऊ नये.

कायद्यातले आकडे

दोन एक्सलच्या ट्रकचे कमाल एकूण वजन २०१८ मध्ये १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेले गेले: पुढच्या एक्सलला ७, मागच्या चार टायरांच्या एक्सलला ११.५. पण तुमच्या ट्रकला आरसीवर नोंदलेला आकडाच लागू होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, माल उतरवण्याचा खर्चही वाहनवाल्यावर. काट्यावर यायला नकार दिला तर ४०,०००. सळया, बांबू हौद्याबाहेर काढले तर त्यालाही वेगळा २०,००० चा दंड आहे. परवान्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे की हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलो एकूण वजनापर्यंतचे मालवाहन चालवता येते.

घाट उतरताना

गोव्याला भाजी, सिमेंट आणि कितीतरी माल बेळगावच्या बाजूने येतो. म्हणजे अनमोड आणि चोर्ला घाटात गाडी भरलेली असते तेव्हाच उतारावर असते. काणकोणकडचा करमळ घाट उंचीने कमी, पण वळणे तशीच.

गणित पाहा. तीन टनांची गाडी ५०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे १४७ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. हीच गाडी ८० च्या वेगावरून एकदा पूर्ण थांबवायला साडेसात लाखांहून थोडी कमी लागते. म्हणजे घाट उतरणे हे ८० वरून वीस वेळा कचकचून थांबण्याबरोबर आहे, मध्ये ब्रेकला थंड व्हायला वेळ न देता. दीड टनांचा जादा माल घातला की ही उष्णता दीडपट, ड्रम आणि लायनर मात्र तेवढेच.

म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच गिअर खाली घ्या. ज्या गिअरमध्ये ती चढण चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. मध्यावर गाडी पळायला लागल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवू नका. कारमध्ये ब्रेकला जोर देणारा बूस्टर दोन-तीन पेडलांत संपतो, ट्रकमध्ये हवेचा दाब भरून येत नाही. पाय ब्रेकवर ठेवून राहू नये. वेग ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की घट्ट ब्रेक मारून दहाने कमी करा, पूर्ण सोडा, पुन्हा तसेच. सोडलेल्या वेळात हवा ड्रमला थंड करते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि इथल्या दमट हवेत जरा लवकरच. डॉट ३ या प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शिरलेले १४० लाच उकळू शकते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल जमिनीला लागते. दोन वर्षांनी ऑइल बदला, घाटात नियमित माल वाहत असाल तर दरवर्षी.

जळका वास आला, पेडल लांब जाऊ लागले किंवा चाकातून धूर दिसला तर पुढच्या रुंद जागेत गाडी थांबवा. हातब्रेक ओढू नका, तापलेला ड्रम थंड होताना आकसतो आणि लायनर चिकटतात. गिअर घाला आणि चाकांना दगड लावा. ड्रमवर किंवा डिस्कवर पाणी ओतू नका, लोखंडाला तडा जातो. अर्धा-पाऊण तास थांबा. मग गाडी जागच्या जागी असताना पेडल दाबून पाहा. ते नेहमीच्या उंचीवर आणि घट्ट लागले तर पहिल्या गिअरमध्ये थोडे पुढे जाऊन एकदा ब्रेकची खात्री करा. लागले नाही तर माल दुसऱ्या गाडीत उतरवायची व्यवस्था तिथूनच करा.